जतचा थर

पप्पा, बोट झाली. आपल्याच शेडमध्ये झाली, जिथे तुमच्या फायबरच्या पाण्याच्या टाक्या उलट्या घालून ठेवलेल्या असायच्या तिथे, मागच्या भिंतीला लागून. अठरा फूट लांब, पांढरी, अजून नाव नाही ठेवलेलं. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते आणि मला बोटीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. आता सगळ्यांना सांगून झालंय, मम्मीला तर इतक्या वेळा की बोट म्हटलं की ती उठून आत जाते. फक्त तुम्हाला सांगायचं राहिलंय. तुम्ही पहिलं काय म्हणाला असता तेही मला माहितीये. "सोप्या मराठीत सांग."

ते स्वयंपाकघरातलं आठवतंय का? मी इंग्लिश मीडियमला, तुम्ही सातवी पास. संध्याकाळी तुम्ही शेडवरून येता, हात तीनतीनदा धुता, तरी रेझिनचा वास जात नाही, म्हणून भाकरीचा तुकडा पेपरच्या कपट्यात धरून खाता. मम्मी तुमचे कपडे वेगळ्या बादलीत टाकते, कारण एकदा तुमच्या शर्टात अडकलेली फायबरची बारीक काच तिच्या साडीला लागली आणि ती दोन दिवस खाजवत बसली होती. मी तुमच्या समोर सायन्सचं पुस्तक घेऊन बसलेली. एक पॅरेग्राफ धाडधाड वाचते, आणि तुम्ही म्हणता, "हां, आता सांग." सांगायला लागले की निम्मे शब्द पुस्तकातलेच. तुम्ही मान हलवता. "न्हाई. तुलाच कळल्यालं न्हाई अजून. परत वाच." मला इतका राग यायचा! वर्गात पहिली येणारी मुलगी मी, आणि टाक्या करणारा माणूस मला सांगतोय की तुला कळलं नाही. आता मात्र कुठलंही डिझाइन डोक्यात आलं की आधी मी ते मनातल्या मनात तुम्हाला सांगून बघते. जिथे अडखळते तिथे परत ड्रॉइंग उघडते.

तर ऐका. तलावावर शिकायला ज्या शिडाच्या होड्या असतात त्या हलक्या असतात. वारा शिडाला दाबतो, होडी कलते, मग आतल्या माणसाने पटकन वरच्या काठावर जाऊन मागे रेलून बसायचं, की ती परत सरळ होते. म्हणजे माणूस हेच तिचं वजन. त्याला हलायला उशीर झाला की होडी उलटी. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मी असल्याच होडीत शिकले. पहिल्या दिवशी चार वेळा उलटले. चौथ्यांदा पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा मी हसत होते, आणि तिथेच माझं ठरलं. पण मी केली ती कीलबोट, ती वेगळी. तिच्या पोटाखाली बिडाचा एक उभा जाड पंख असतो, त्याच्या खालच्या टोकाला दुधी भोपळ्यासारखा लांबट गोळा. ती कील. वारा वरून ढकलतो, कील खालून ओढते. पूर्ण आडवी केली तरी ती परत उभी राहिली पाहिजे, आणि तेही आतल्या माणसाने काही न करता. बाकी सगळं फायबर. खालचं अंग म्हणजे पोट एका साच्यात, वरचं झाकण म्हणजे डेक दुसऱ्या साच्यात, मग डब्याला झाकण लावतात तसं एकावर एक चिकटवायचं. काम तुमच्या टाकीचंच आहे, साच्याला जेलकोटचा लेप, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट, रेझिन, वरून रोलर, परत मॅट. फरक काय तो मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितला.

"आक्का, जलमभर पानी आत ठेवायचं काम केलं. आता म्हातारपनी भाईर ठेवाय सांगतीस व्हय?"

हो, मिस्त्रीकाका अजून आहेत. तुमच्या पहिल्या टाकीला त्यांचा हात होता, बोटीलाही आहे. चष्मा लागलाय, गुडघे कुरकुरतात, पण रोलर कुणाच्या हातात देत नाहीत. तुमच्यानंतर शेड चालली ती त्यांच्या आणि मम्मीच्या जिवावर.

ही बोट एका रिटायर्ड सुभेदारांसाठी आहे. ते साताऱ्याकडचे, वाईच्या वर धरणाच्या पाण्याला लागून त्यांचं गाव. गेल्या वर्षी गोठ्यावर टाकायला फायबरचे पत्रे हवे होते म्हणून शेडवर आले. ऑफिसच्या भिंतीवर माझी ड्रॉइंग्ज चिकटवलेली, ती बघत उभे राहिले ते पत्र्यांचं विसरूनच गेले. मिलिटरीत असताना त्यांनी शिडाच्या होड्यांच्या शर्यती मारल्या होत्या. नंतर एक पाय गुडघ्याखालून गेला. कसा ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पँट वर करून खोटा पाय बोटाने टकटक वाजवून दाखवला फक्त.

"ह्यो घेऊन होडीत हिकडनं तिकडं उड्या मारता येत न्हाईत, मॅडम. दोनदा ट्राय मारला. दोन्ही टायमाला पान्यात. लोक काढत्यात हो भाईर, चांगली हायेत लोकं. पर काढल्यावर ज्या नजरंनं बगत्यात ना..." त्यांनी पँट खाली ओढली. मग म्हणाले, "मला अशी होडी द्या, जी माज्याकडनं काय मागनार न्हाई."

पप्पा, मी तीन वर्षं लोकांना कीलबोट म्हणजे काय हे समजावत फिरत होते, स्लाइड दाखवून, कागदाचं मॉडेल दाखवून. इतकं नीट मला एकदाही सांगता आलं नव्हतं. त्या दिवसापासून मला एवढंच कळत होतं की बाकी काहीही फसलं तरी चालेल, बोट हळू गेली तरी चालेल, पण हा माणूस आत नुसता बसून असताना ती उलटायची नाही.

मग सात महिने डिझाइन. सगळ्या दोऱ्या त्यांच्या हाताशी आणल्या, बसायची जागा खोलगट आणि मधोमध ठेवली, खोटा पाय सरळ पसरता येईल असा पुढे खड्डा दिला. प्लायवूड आणि टोमॅटोचे क्रेट रचून शेडमध्ये खोटी बोट केली आणि सुभेदारांना तीत बसवलं. ते डोळे मिटून दोऱ्या ओढतायत आणि आपली पोरं दोन्ही बाजूंनी क्रेट हलवून वारा झालीत. "आलं सायेब, वादळ आलं!" एक पोरगं जास्तच जोरात हलवायला लागलं तसे सुभेदार डोळे न उघडता म्हणाले, "बाळा, हे वादळ न्हाई, ही यष्टी हाय." कील आपल्याच एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ओतून घेतली. आणि सगळ्यात जास्त वेळ गेला तो वजनात. बोटीचं डिझाइन म्हणजे शेवटी एकच भांडण असतं, वजन किती आणि ते कुठे. खाली असलेलं वजन आपल्या बाजूने भांडतं, वर असलेलं वाऱ्याच्या बाजूने. म्हणून डेक होईल तेवढा हलका पाहिजे. मिस्त्रीकाकांना ड्रॉइंग वाचता येत नाही, तर मी साच्यावर खडूने रेघा मारून दिल्या. एक रेघ म्हणजे मॅटचा एक थर. पोटाला चार रेघा, डेकला तीन, जिथे बोल्ट येणार तिथे जास्त. ते मान हलवत गेले. तीन दिवसांनी दोन्ही साच्यांतून काम निघालं, इतकं गुळगुळीत की मी त्यावर गाल ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेन ब्लॉकच्या साखळीला वजनकाटा लावून आम्ही दोन्ही भाग उचलले. पोट माझ्या आकड्यापेक्षा तीस किलो जास्त. मला वाटलं रेझिन जास्त ओढलं असेल, होतं असं. मग डेक उचलला आणि मी काटा दोनदा बदलून बघितला. चाळीस किलो जास्त! सगळं वजन वर, वाऱ्याच्या बाजूला. मी म्हटलं, "काका, थर किती दिले?"

"तू रेगा वडल्यास तेवडं."

"आणि?"

काका हात पुसत होते. "आनि जतचा थर. पोटाला येक. डेकला दोन दिल्यात."

"दोन?"

"आगं, येका पायाचा मानूस. हुबा ऱ्हायला की समदा भार येकाच जाग्यावर यील का न्हाई? तितं फाटलं मंजे?"

पप्पा, मी काय बोलले ते तुम्हाला सांगायची लाज वाटते. पहिलं वाक्य तर इंग्लिशमध्येच निघालं, रागावले की माझं अजून तसंच होतं. मग मराठीत, सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "तुम्हाला ड्रॉइंग वाचता येत नाही तर निदान विचारायचं तरी. ही काय टाकी आहे का?" पोरं खाली बघायला लागली. चेन ब्लॉकला डेक तसाच लोंबकळत होता. काकांनी हातातलं फडकं घडी घालून पिंपावर ठेवलं.

"टाकी गळली तर पानी जातं, आक्का. ही फुटली तर मानूस जाईल," एवढं म्हणाले, आणि सायकल काढून घरी गेले.

जतचा थर. तो शब्द मी बारा-तेरा वर्षांत ऐकला नव्हता, पण ऐकला तशी मी त्या टेम्पोत जाऊन बसले. मी आठवीत आहे, मे महिना आहे, आणि तुम्ही मला बरोबर घेतलंय कारण मम्मी माहेरी गेलीये. मागे नवीन टाकी बांधलेली. जतच्या पुढे एका वाडीवर आपली टाकी खालच्या कोपऱ्यात फाटली होती. आदल्या दिवशी टँकर येऊन ती भरून गेला होता, आणि सकाळपर्यंत सगळं पाणी जमिनीत. आपण पोचलो तेव्हा टाकीच्या ओट्याखाली फक्त एक काळा ओला डाग होता आणि त्याला मेंढरं तोंड लावत होती. कुणी भांडलं नाही. एक म्हातारी पुढे आली, म्हणाली, "यप्पा, नीर समदं मातीत गेलं बगा." मग आत गेली आणि घरात होतं त्यातलं तांब्याभर पाणी घेऊन आली, लांबून आलेल्या माणसांना म्हणून. तुम्ही तांब्या हातात घेतला आणि तसेच उभे राहिलात. मग माझ्याकडे दिलात. मला तहान लागली होती, मी सगळं पिऊन टाकलं.

येताना मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "पप्पा, तीन थर सांगितले होते, आपण तीन दिले. मग आपली चूक नाहीये." तुम्ही टेम्पो बाजूला घेतलात. मला वाटलं पंक्चर झालं.

"मापात बसलं मंजे झालं व्हय गं? जा, जाऊन त्या म्हातारीला माप दाखव."

मग कवठेमहांकाळ येईपर्यंत तुम्ही समोरच्या रस्त्यावरच बघत टेम्पो चालवलात. मी खिडकीतून बाहेर बघत रडत होते आणि तुम्हाला ते दिसतंय हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून शेडमधल्या प्रत्येक टाकीला, ती कुठेही जाणारी असो, सांगितलेल्या थरांवर एक थर जास्त. पोरं त्याला जतचा थर म्हणायला लागली. त्यानंतर आपली टाकी फाटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि तोच थर आता माझ्या बोटीच्या डोक्यावर बसला होता, दोनदा. तुमचं सगळ्यात चांगलं काम, माझ्या बोटीत चुकीच्या जागी. मी दोन दिवस कॉम्प्युटरवर बसून हिशेब केला. पोटाचं जास्तीचं वजन तळाशीच होतं, त्याने बोट फक्त जरा खोल बसत होती. डेकचं मात्र कीलच्या लोखंडाच्या विरुद्ध ओढत होतं. बोट आडवी पडली तर उठेल का? आकडा म्हणत होता उठेल. पण सुभेदार काठाला धरून लोंबकळत असतील तर? शिडात पाणी भरलं असेल तर? सुरक्षेसाठी मी हिशेबात जी जास्तीची जागा ठेवली होती ती जवळजवळ संपली होती. त्यातच सुभेदारांचा फोन आला. "काय मॅडम, आमची नवरी कुटवर आली?" मी म्हटलं, "फिनिशिंग चालू आहे." काका दोन्ही दिवस कामावर आले नाहीत. पोरं माझ्याशी गरजेपुरतं बोलत होती.

तिसऱ्या दिवशी मी गाडी काढून काकांच्या गावाला गेले. काकू दारातच होत्या. "ये. तुजं काका गेल्यात वैरन आनाय. तोंड सुजवून बसलं हुतं, म्हटलं जावा रानात, म्हशीला तरी उपेग." मला हसू आलं आणि मग रडू यायला लागलं, म्हणून मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकले. काका डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आले, मला बघितलं, भारा टाकला आणि समोर बसले.

मी म्हटलं, "काका, माझं चुकलं. असं बोलायला नको होतं."

"बोललीस ते खरंच हाय की. मला वाचाय येत न्हाई."

"थर द्यायचं कारण बरोबर होतं. जागा चुकली फक्त."

ते माझ्याकडे बघत राहिले. तुमचं "हां, आता सांग" असतं ना, अगदी तसं. मी इकडेतिकडे बघितलं, अंगणात काकूंच्या दोन घागरी होत्या. मी एक कमरेवर घेतली. "काका, ही अशी घेऊन मी बांधावरून चालले आणि कुणी धक्का दिला, तर?"

"सावरशील."

"आणि दोन्ही डोक्यावर असल्या तर?"

काकू आतून चहा घेऊन येत म्हणाल्या, "त्यांना काय इचारतीस, कवा घेतल्यात त्यांनी डोस्क्यावर?"

काका हसले नाहीत. त्यांनी घागरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तळहाताने स्वतःचं कपाळ दाबत म्हणाले, "मंजे मी त्याला सांभाळाय गेलो आनि त्यालाच ढकलाय लागलो म्हन की."

"तसं नाही, काका."

"तसंच हाय. आगं, तुज्या बापानं सांगितलं हुतं, जिवाचं काम आसलं की येक थर वर. मी म्हटलं, टाकीला येक, मंग मानसाला दोन नगं का?" त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला. "घासून काडू. पर येक इचारतो. काडल्यावर त्यो हुबा ऱ्हाईल न्हवं त्याच्यावर? फुटनार न्हाई न्हवं?"

"मी उडी मारून दाखवते तुम्हाला."

"तू काय उडी मारतीस. चाळीस किलोची काडी. मी मारनार."

थर घालायला एक दिवस लागला होता, काढायला चार लागले. काकांनी ग्राइंडर दुसऱ्या कुणाला दिला नाही. तोंडाला फडकं, डोळ्यांना गॉगल, पूर्ण माणूस पांढरा, भुतासारखा. मी शेजारी बसून दर हातभर अंतरावर जाडी मोजत होते आणि माझ्या मानेत, कोपरात, कानामागे काच टोचत होती. संध्याकाळी घरी गेले तर मम्मीने मोरीत वेगळी बादली काढून ठेवलेली. डेक परत काट्याला लावला, तीन किलो जास्त होता. काका म्हणाले, "काडू?" मी म्हटलं, "तीन राहू दे." पोटाचा थरही राहू दिला. मग डेक जमिनीवर ठेवला आणि काका खरंच त्याच्यावर चढून एका पायावर उड्या मारायला लागले. पोरं शिट्ट्या वाजवत होती. डेक जरा लवायचा आणि परत वर यायचा. आठ-दहा उड्यांनंतर काका दम खात खाली उतरले, म्हणाले, "हां. आता जोडा."

गेल्या महिन्यात ट्रकवर घालून बोट धरणावर नेली. परवानग्यांचे कागद सुभेदारांनी स्वतः ऑफिसं फिरून आणले होते. क्रेनने पाण्यात सोडली, डोलकाठी उभी केली, आणि मग टेस्ट. डोलकाठीच्या शेंड्याला लांब दोर बांधायचा, काठावरून ओढून बोट पूर्ण आडवी करायची, काठी पाण्याला टेकवायची आणि सोडून द्यायची. परत उभी राहिली तर सुभेदार बसणार. नाही राहिली तर मी सगळं परत घेऊन जाणार, असं आमचं ठरलं होतं. दोराला गावातली दहा-बारा माणसं लागली, सगळ्यात पुढे काका. सुभेदार कुबडीवर हात टेकून बाजूला उभे. ओढताना सगळे आधी हसत होते, "रस्सीखेच हाय का रं," म्हणत होते. मग बोट कलत गेली, कलत गेली, आणि पाण्याखालची कील वर आली, लाल रेडऑक्साइड लावलेली, ठिबकणारी. तेव्हा हसणाऱ्यांनीही दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला. एखादं जनावर पाय वर करून पडावं तशी ती दिसत होती.

मी म्हटलं, "सोडा."

बाकीच्यांनी सोडलं. काकांनी सोडलं नाही. एकटे दोराला लोंबकळल्यासारखे पुढे सरकत चालले.

"काका, सोडा की!"

"आगं, वाईच थांब... उठंल का गं ती?"

"सोडल्याशिवाय कसं कळणार?"

त्यांनी सोडलं. आणि काही झालं नाही, पप्पा. मी मनात एक म्हटलं, दोन म्हटलं. काठी तशीच पाण्यावर. तीन म्हणायच्या आत शेंडा हलला, वीतभर वर आला, मग हातभर, आणि मग एकदम, डबक्यातून म्हैस उठावी तशी ती उठली, अंग झटकलं, दोनतीनदा इकडे-तिकडे डुलली आणि उभी राहिली. गावातली माणसं ओरडायला लागली. सुभेदार ओरडले नाहीत. त्यांनी कुबडी बाजूच्या पोराच्या हातात दिली आणि भोयांच्या होडीकडे चालायला लागले, कारण कीलमुळे आपली बोट काठाला येत नाही, तिच्यापर्यंत दुसऱ्या होडीतून जावं लागतं.

आपल्या बोटीत ते स्वतः चढले, दोन्ही हातांवर अंग उचलून. पाय पसरला, दोऱ्या हातात घेतल्या, आणि काठाकडे बघून हाक मारली, "मॅडम, या! पयला मान तुमचा!"

मी म्हटलं, "नको, मला बाहेरून बघायचंय, ती पाण्यात कशी बसते ते."

काका म्हणाले, "मंग मी जातो." पप्पा, त्यांना पोहता येत नाही. नदीकाठी जन्म गेला आणि पोहता येत नाही. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, केशरी जॅकेट उलटं घातलं, पोरांनी ते सरळ करून दिलं, आणि होडीत बसून गेले. शीड भरलं. मध्यावर पोचल्यावर डोंगराकडून वाऱ्याचा झोत आला आणि बोट अशी कलली की मला काठावरून तिचं पोट दिसलं. काकांनी दोन्ही हातांनी काठ धरलेला. पाण्यावरून सुभेदारांचा आवाज आला, "ओ मिस्त्री, बसून ऱ्हावा निवांत! काय करायचं न्हाई! काय बी करायचं न्हाई!" आणि ते हसत होते. एवढ्या लांबून मला ते हसणं ऐकू आलं. ते तासाभराने परतले. उतरल्यावर काका म्हणाले, "आक्का, लय कलती गं. पर तिला म्हाईत हाय कुटवर कलायचं."

सगळे म्हणतात, सुभेदारही म्हणतात, की मी मुद्दाम काकांना पुढे जाऊ दिलं, त्यांचा मान म्हणून. मी कुणाला दुरुस्त केलेलं नाही. पण तुम्हाला सांगते. मला पोहता येतं, जॅकेट होतं, वाराही फार नव्हता. पाण्याला मी भ्याले नाही. बोट डोळ्यांसमोर उठली होती, तरी मी स्वतः काढलेल्या आकड्यावर स्वतःचा जीव ठेवायची वेळ आली आणि माझा पाय उचलला नाही. सुभेदारांचा ठेवला, काकांचा ठेवला. माझा नाही ठेवला.

काल सुभेदारांचा फोन आला होता, "कवा येताय बसाय?" मी म्हटलं, काम आहे. काम काही नव्हतं, तुम्हाला हे लिहीत बसले होते.